सूत दुसऱ्याचे, माग आपला

(इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कंत्राटी उत्पादन करणाऱ्या कंपन्यांच्या समभागांकडे सर्वसामान्य कुटुंबाने कोणत्या दृष्टीने पाहावे, या विषयावर सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



सोलापूरच्या माणसाला कापडाची पारख शिकवावी लागत नाही. चाटी गल्लीत चादर विकत घ्यायला गेलेला गृहस्थ आधी ती उलगडतो, किनार पाहतो, हातावर तोलून वजनाचा अंदाज घेतो, रंग पक्का आहे की नाही हे विचारतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. हाच गृहस्थ शेअर बाजारात उतरला, की क्रम उलटा होतो. तिथे तो आधी भाव विचारतो, तो काल किती चढला हे विचारतो, आणि वस्तू उलगडून पाहण्याचे मात्र राहूनच जाते. चार-पाचशे रुपयांच्या चादरीच्या बाबतीत जी चिकित्सा होते, ती चार-पाच लाखांच्या गुंतवणुकीच्या बाबतीत होत नाही. आजच्या विषयाचे मूळ या विसंगतीत आहे.

ही विसंगती आता थोड्या लोकांपुरती राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. मार्च २०२५ मध्ये ती १९ कोटींच्या पुढे गेली. या नव्या गुंतवणूकदारांत नोकरीला लागलेला तरुण आहे, बचतगटातील गृहिणी आहे आणि उपदानाची रक्कम हाती आलेला निवृत्त शिक्षकही आहे. बँकेतील ठेवीचे व्याज महागाईला पुरत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांनी बाजाराकडे वळू नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र ते ज्या गोष्टी ऐकून वळतात, त्यांची तपासणी झाली पाहिजे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या कानावर सर्वाधिक पडलेली गोष्ट म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कंत्राटी उत्पादकांची. भारत जगाचा कारखाना होणार, मोबाइल आता भारतात बनणार, तेव्हा ते बनवणाऱ्या कंपनीचा शेअर घ्या आणि निश्चिंत राहा, असा हा उपदेश असतो. यातील पहिली दोन विधाने बऱ्याच अंशी खरी आहेत. तिसरे विधान त्यांतून आपोआप निघते काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

खर्चीवाल्याचे गणित

कंत्राटी उत्पादन हा शब्द नवा असला तरी व्यवहार आपल्या परिसराला जुनाच आहे. इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक असतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. माग, वीज आणि कामगार यंत्रमागधारकाचे. त्याला मिळते ती मीटरमागे, पिकांच्या हिशेबाने ठरलेली मजुरी. सोलापुरातील हजारो भगिनी याच पद्धतीने विड्या वळतात. पाने आणि तंबाखू कारखानदाराचा, बंडलावरचे छाप कारखानदाराचे, हात मात्र त्यांचे. येथे शिवल्या जाणाऱ्या अनेक गणवेशांवरही शिवणाऱ्याचे नाव नसते.

मोबाइल, दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्र, एलईडी दिवा यांच्या बाबतीत नेमके हेच घडते. डब्यावर नाव एका कंपनीचे असते आणि आतली वस्तू तयार होते दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात. सर्किट बोर्डावर सूक्ष्म भाग बसवणारी स्वयंचलित यंत्रे, जुळणीच्या रांगा, तपासणी आणि वेष्टन हे या दुसऱ्या कंपनीचे क्षेत्र. नोएडाची डिक्सन टेक्नॉलॉजीज, म्हैसूरची केन्स टेक्नॉलॉजी, चेन्नईची सिर्मा एसजीएस ही या व्यवसायातील काही सूचिबद्ध नावे. आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपे औद्योगिक वसाहतीत पीजी इलेक्ट्रोप्लास्टचा कारखाना आहे. ही नावे उदाहरणादाखल घेतली आहेत. यांतील कोणताही समभाग घ्यावा वा विकावा, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही.

या व्यवसायात दोन प्रतींची कामे असतात. पहिल्या प्रकारात आराखडा ग्राहकसंस्थेचा असतो, सुटे भाग कोणाकडून घ्यायचे हेही तीच ठरवते आणि उत्पादक केवळ जुळणी करतो. दुसऱ्या प्रकारात वस्तूचा आराखडाही उत्पादकाचा असतो आणि ग्राहकसंस्था तयार वस्तूवर आपले नाव लावते. पहिल्यात मजुरी मिळते, दुसऱ्यात मजुरीबरोबर कौशल्याचा मोबदलाही मिळतो. एखाद्या कंपनीच्या समभागाचा विचार करताना पहिला प्रश्न म्हणूनच हा असावा : या कारखान्यात केवळ माग आहे, की नक्षीही याचीच आहे?

उलाढालीचा भ्रम

आता आकड्यांकडे वळू. डिक्सन टेक्नॉलॉजीजची स्थापना १९९३ मध्ये झाली. २०१७-१८ या वर्षी तिची उलाढाल सुमारे २,८४२ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती ३८,८६० कोटींवर पोहोचली. सात वर्षांत जवळजवळ चौदा पट झालेली ही वाढ कोणाचेही डोळे दिपवील. परंतु शंभर रुपयांच्या या उलाढालीतून कंपनीकडे कामकाजाचा नफा म्हणून चार रुपयांच्या आसपास उरतात. त्यातून व्याज, घसारा आणि कर वजा गेला, की हाती राहतात तीनच्या आत-बाहेर. २०२४-२५ च्या नफ्यात तर एकवेळच्या लाभाचाही वाटा होता.

इतक्या प्रचंड उलाढालीतून इतके कमी का उरावे? उत्तर खर्चीवाल्याकडे आहे. समजा, एका यंत्रमागधारकाला व्यापाऱ्याने सूत दिले आणि कापडामागे दहा रुपये मजुरी ठरवली. त्याची उलाढाल झाली दहा रुपये. पुढच्या वर्षी व्यापारी म्हणाला, ‘सूत तूच विकत घे, कापड मला शंभराला दे.’ सुताचे नव्वद रुपये त्याने भरले, कापड शंभराला दिले. उलाढाल दहाची शंभर झाली, कागदावर दसपट प्रगती झाली. मजुरी मात्र दहाच राहिली. उलट आता सुताच्या भावाची, ते खराब होण्याची आणि व्यापाऱ्याने पैसे थकवण्याची जोखीम त्याच्या डोक्यावर आली. मोबाइलच्या किमतीत चिप, पडदा, कॅमेरा यांचा वाटा मोठा असतो आणि यांतील पुष्कळ भाग अद्याप परदेशातून येतात. ते उत्पादकाच्या हिशेबवहीतून गेले, की उलाढाल फुगते. त्या फुगवट्याला समृद्धी समजण्याची चूक वर्तमानपत्रांचे मथळे वाचणाऱ्याकडून सहज घडते.

हे केवळ भारतीय कंपन्यांचे वैगुण्य नाही. तैवानच्या होन हाय उद्योगाचे, म्हणजे जग ज्याला फॉक्सकॉन म्हणून ओळखते त्याचे उदाहरण घ्यावे. १९७४ मध्ये दूरचित्रवाणी संचाची प्लास्टिकची बटणे बनवण्यापासून त्याने सुरुवात केली आणि तो जगातील सर्वांत मोठा कंत्राटी उत्पादक झाला. त्याचा निव्वळ नफा आजही उलाढालीच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतो. ज्या ॲपल कंपनीचे फोन तो जुळवतो, तिला शंभरातले सुमारे पंचवीस रुपये सुटतात. नाव ज्याचे, मलई त्याची. ही या धंद्याची रीतच आहे.

थोडा नफा, जलद फेरा

मग हा धंदा निकृष्ट आहे काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. किराणा दुकानदाराला शंभर रुपयांच्या साखरेवर जेमतेम चार रुपये सुटतात. शालूच्या दुकानात शंभराला तीस सुटतात. पण साखरेचे पोते पंधरा दिवसांत संपते आणि तेच शंभर रुपये पुन्हा कामाला लागतात. वर्षात चोवीस फेरे झाले, तर त्या शंभरावर शहाण्णव रुपये मिळाले. भारी शालू मात्र दोन-दोन वर्षे कपाटात राहिला, तर वर्षाकाठी पंधरा रुपयेच पदरात पडले. नफ्याचे प्रमाण आणि भांडवलावरचा परतावा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कुशल कंत्राटी उत्पादक याच मार्गाने कमावतो. ग्राहकसंस्थेकडून पैसे लवकर घ्यायचे, पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत द्यायचे, मालसाठा कमीत कमी ठेवायचा आणि यंत्रे तिन्ही पाळ्यांत चालवायची. डिक्सनने थोड्या नफ्यात उत्तम परतावा मिळवला तो या शिस्तीच्या बळावर. म्हणून अशा कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घेतल्यावर केवळ नफ्याचे पान वाचून थांबू नये. मालसाठा किती दिवसांचा आहे, येणे किती दिवसांत वसूल होते, आणि दाखवलेला नफा रोख रकमेच्या रूपाने खरोखर तिजोरीत आला की उधारीतच अडकला, हे तीन आकडे मागील तीन वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. उलाढाल वाढते आहे, नफाही वाढतो आहे, पण रोख मात्र येत नाही, अशी स्थिती दिसली तर वेळीच सावध व्हावे. नफा कागदावर लिहिता येतो, रोख मोजून घ्यावी लागते.

एक ग्राहक गेला तर

खर्चीवाल्याला सर्वांत मोठे भय कशाचे असते? व्यापाऱ्याने बीम देणे थांबवण्याचे. या व्यवसायातही तेच आहे. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये नोकियाचा प्रचंड कारखाना सुरू झाला. त्याला भाग पुरवण्यासाठी आसपास इतर कंपन्या आल्या, त्यांत फॉक्सकॉनही होती. हजारो तरुण-तरुणींना रोजगार मिळाला. पुढे जगाच्या बाजारात नोकियाचे आसन डळमळले, तिचा मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टने घेतला, करविषयक वादामुळे हा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला टाळे लागले. महिना-दीड महिन्यात फॉक्सकॉनचे तिथले कामही थांबले. फॉक्सकॉनच्या यंत्रांत दोष नव्हता, कामगारांच्या हातात कसर नव्हती. ज्याच्यासाठी विणायचे, तोच बाजारातून उठला होता. फॉक्सकॉनसारखा बलाढ्य उद्योग हा धक्का पचवू शकला आणि पुढे नव्या ग्राहकांसह भारतात पुन्हा उभा राहिला. एकाच ग्राहकावर विसंबलेल्या मध्यम आकाराच्या कंपनीला आणि तिच्या भागधारकाला अशी दुसरी संधी मिळेलच असे नाही.

ग्राहक टिकला तरी मागणी टिकेल याचीही शाश्वती नसते. २०२५ चा मे महिना सोलापूरकरांना आठवत असेल. ऐन उन्हाळ्यात पावसाने ठाण मांडले आणि मुंबईत तर २६ मे रोजीच मान्सून दाखल झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा जसा चिंतेचा विषय होता, तसा वातानुकूलन यंत्रे बनवणाऱ्यांच्या दृष्टीनेही होता. दुकानात यंत्रे पडून राहिली, नव्या मागण्या घटल्या. पीजी इलेक्ट्रोप्लास्टने ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षाचा उलाढालीचा आणि नफ्याचा अंदाज खाली आणला आणि तिचा समभाग एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक कोसळला. कारखाना तोच, व्यवस्थापन तेच. पाऊस मात्र लवकर आला होता. पन्नास-साठ पट भाव देऊन घेतलेल्या समभागात अशा पावसालाही जागा ठेवलेली नसते.

तेव्हा दुसरा प्रश्न असा : या कंपनीचे पहिले तीन ग्राहक कोण, आणि त्यांतला एक उद्या गेला तर उरते काय? प्रत्येक कंपनीच्या प्रारंभिक विक्रीच्या माहितीपत्रकात मोठ्या ग्राहकांचा वाटा दिलेला असतो. जोखमीच्या त्या प्रकरणाकडे बहुतेक जण पाहत नाहीत, कारण ते बारीक अक्षरांत असते.

सरकारी प्रोत्साहन आणि बाजारातल्या तुरी

मोबाइल उत्पादनात देशाने गेल्या दशकात जे साधले, ते निःसंशय अभिमानास्पद आहे. २०१४-१५ मध्ये देशात मोबाइल बनवणारे दोनच कारखाने होते. सरकारी आकडेवारीनुसार पुढे ही संख्या तीनशेवर गेली. १८ हजार कोटींच्या आसपास असलेले उत्पादन २०२४-२५ मध्ये ५.४५ लाख कोटी रुपयांपर्यंत पोहोचले आणि निर्यात २ लाख कोटींवर गेली. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेचा यात मोठा हात आहे. वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन देणारी ही योजना ठरावीक वर्षांसाठी आखलेली होती. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटींची स्वतंत्र योजना मंजूर केली, तीही योग्य दिशेने टाकलेले पाऊल होती. केवळ जुळणीवर थांबून देश संपन्न होत नाही, सूतही येथेच कातले गेले पाहिजे, हे भान तिच्यामागे आहे.

पण राष्ट्राचा हिशेब आणि भागधारकाचा हिशेब एक नसतो. रोजगार, कौशल्य आणि परकीय चलन मिळाले, की राष्ट्राचा हेतू सफल झाला. भागधारकाला मात्र विचारावे लागते, की ज्या धंद्यात शंभराला तीन रुपये उरतात, तिथे चार ते सहा टक्क्यांचे प्रोत्साहन मुदत संपून बंद झाले तर काय होईल? ग्राहकसंस्थाही त्या प्रोत्साहनात आपला वाटा मागत असते, हे वेगळेच. बाळाला पांगुळगाडा द्यावा हे खरे. पण त्याच्या चालण्याची परीक्षा गाडा काढून घेतल्यावरच होते. सुटे भाग, आराखडा, साचे यांत ज्या कंपनीने प्रोत्साहनाच्या वर्षांत पैसा घातला, ती पुढे तगेल. जिने केवळ उलाढाल वाढवली, तिची वाट अवघड असेल.

घोषणांबद्दलही एक आठवण ठेवावी. ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉनने महाराष्ट्र शासनाशी ५ अब्ज डॉलर गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. राज्यभर आनंदाचे वातावरण निर्माण झाले. तो प्रकल्प प्रत्यक्षात उतरला नाही. बाजारात तुरी असतानाच घरात भांडण जुंपावे, तसा प्रकार शेअर बाजारात नित्य घडत असतो. करार म्हणजे कारखाना नव्हे, कारखाना म्हणजे उत्पादन नव्हे, आणि उत्पादन म्हणजे नफा नव्हे. या चारही पायऱ्या एका उडीत चढणारा भाव खाली येतानाही उडीच मारतो.

चांगला कारखाना, महाग भाव

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ, आणि त्यासाठी सोलापूरच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हे या शहराने जगाला दिलेले नाव आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने मोटारीच्या इंजिनातील कॅमशाफ्ट बनवून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांसारख्या जगद्विख्यात उत्पादकांना पुरवला. हा इलेक्ट्रॉनिक उद्योग नव्हे. परंतु दुसऱ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूत आपले कौशल्य ओतण्याची जात तीच. जानेवारी २०१६ मध्ये १८६ रुपये या भावाने तिची प्रारंभिक समभाग विक्री झाली. आपल्या गावची कंपनी म्हणून अनेकांना अभिमान वाटला असेल, आणि तो वाटावाच. फेब्रुवारीत बाजारात नोंद झाली ती विक्रीच्या किमतीखाली. मार्च २०२० च्या सार्वत्रिक पडझडीत तो समभाग तीस रुपयांच्याही खाली गेला. १८६ चा आकडा पुन्हा दिसण्यासाठी भागधारकाला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली.

या काळात कंपनी बंद पडली नव्हती. भट्ट्या चालू होत्या, माल निर्यात होत होता. विजेच्या मोटारीला कॅमशाफ्ट लागत नाही, हे ओळखून २०१८ मध्ये तिने नेदरलँड्समधील विद्युत वाहनांच्या क्षेत्रातील इमॉस कंपनीत हिस्साही घेतला. म्हणजे उद्योग उभा होता, उद्यमशीलता होती, तरीही पहिल्या दिवशी १८६ रुपये मोजणाऱ्याला दीर्घकाळ सोसावे लागले. आणि ज्याने तोच कागद तीस रुपयांना घेतला, त्याची कथा अगदी निराळी झाली. वस्तू एकच, भाव दोन, आणि त्यामुळे दैवेही दोन.

डिक्सनच्या बाबतीत हे चित्र उलट्या बाजूने दिसते. सप्टेंबर २०१७ मध्ये १,७६६ रुपये भावाने तिची विक्री झाली. २०२१ च्या विभाजनानंतर हा भाव ३५३ रुपये ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये समभाग १९ हजारांपर्यंत गेला, म्हणजे पन्नास पटींहून अधिक झाला. ही कथा सर्वांना सांगितली जाते. परंतु त्या विक्रीला शंभर पटींहून जास्त मागणी आली होती आणि बहुतेक अर्जदारांच्या हाती काहीच लागले नाही, हे सांगितले जात नाही. पन्नास पट वाढ पाहून जो १९ हजारांना घेणार, त्याला आधीची पन्नास पट मिळत नाही, त्याला पुढचे जे काही असेल ते मिळते.

पुढचे काय होते? १९ हजारांच्या भावाला कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटींच्या वर जात होते. २०२३-२४ चा निव्वळ नफा होता सुमारे ३७५ कोटी. म्हणजे बाजार त्या नफ्याच्या अडीचशे पटींहून अधिक किंमत मागत होता. चालू असलेल्या वर्षाचा वाढीव नफा धरला, तरी ती शंभर पटींच्या आसपास भरत होती. २० जानेवारी २०२५ रोजी तिमाहीचे निकाल आले. नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या दुपटीहून अधिक झाला होता. दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे १४ टक्क्यांनी उतरला! नफा दुप्पट झाला आणि भाव पडला, हे कोडे कसे सोडवायचे? उत्तर सोपे आहे. भावात दुपटीहूनही मोठी अपेक्षा आधीच भरलेली होती. परीक्षेत नव्वद गुण मिळवलेल्या मुलाला घरच्यांनी शंभर धरले म्हणून रडवावे, तसा हा प्रकार.

प्रत्येकाने घरी करून पाहावे असे एक त्रैराशिक येथे सांगणे उचित होईल. एखादा समभाग वार्षिक नफ्याच्या शंभर पट भावाने घेतला. कालांतराने वाढीचा वेग मंदावला आणि बाजार त्याला वीस पट भाव देऊ लागला. प्रौढ झालेल्या कारखानदारी उद्योगाला हा भाव कमी नव्हे. अशा वेळी गुंतवलेली रक्कम केवळ जिथल्या तिथे राहण्यासाठीही नफा पाचपट व्हावा लागेल. नफा दरवर्षी २५ टक्क्यांनी वाढला, तर तो पाचपट व्हायला सात वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणजे सात वर्षे उत्तम प्रगती करणाऱ्या कंपनीत पैसे ठेवून पदरी पडले शून्य. याच सात वर्षांत ७ टक्के व्याजाच्या साध्या ठेवीत लाखाचे एक लाख साठ हजार झाले असते. कंपनी वाईट निघाली म्हणून हे घडले नाही, भाव चुकला म्हणून घडले.

याचा अर्थ महाग समभाग कधीच घेऊ नये, असा नाही. नफा वर्षाला पन्नास टक्क्यांनी वाढत राहिला, तर महाग वाटणारा भाव पुढे स्वस्त ठरतो, आणि डिक्सनने काही वर्षे तसे करून दाखवले आहे. पण तशी वाढ किती वर्षे टिकेल, हा अंदाज असतो, वचन नव्हे. भाव जितका जास्त, तितकी त्या अंदाजात चुकीला जागा कमी.

अभिमान आणि अर्थविवेक

आपल्या समाजात स्वदेशीचा भाव खोलवर रुजलेला आहे आणि तो रुजलेलाच असावा. भारतात तयार झालेला फोन हाती आला, की ऊर भरून येतो. तो फोन जरूर विकत घ्यावा. परंतु तो फोन जुळवणाऱ्या कंपनीचा समभाग कोणत्याही भावाने घेणे, हे देशकार्य होत नाही. बाजारात आपण देतो ते पैसे बहुतेक वेळा कंपनीला मिळतच नाहीत; ते समभाग विकून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या खिशात जातात. आपल्या भावनेचा लाभ घेऊन तो शहाणा झाला, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

महाराष्ट्राने याचा अनुभव पूर्वी घेतला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या मातीतून उभी राहिलेली व्हिडिओकॉन एके काळी घराघरांत होती. नाव स्वतःचे, कारखाना स्वतःचा, ग्राहक कोट्यवधी. तरीही भलत्या क्षेत्रांत विस्तार आणि कर्जाचा डोंगर यांमुळे २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सोलापूरच्या जुन्या गिरणीचा, नरसिंग गिरजीचा, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा कधी थांबेल असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्या भोंग्यावर शहराचे घड्याळ लागत असे. गिरण्या थांबल्या, तेव्हा ज्यांचे सर्वस्व त्या एकाच ठिकाणी होते, ती कुटुंबे उघड्यावर आली. सर्व सूत एकाच मागावर चढवू नये, हा धडा या शहराने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. तो भ्रमणध्वनीवर आलेल्या एका शिफारशीपायी विसरणे परवडणारे नाही.

तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबाने काय करावे? वर्षभराचा घरखर्च, आजारपणाची तरतूद आणि मुलामुलींच्या शिक्षणाची रक्कम बाजाराबाहेर सुरक्षित ठेवावी. उरलेल्या बचतीतून या क्षेत्रात भाग घ्यावासा वाटला, तर एका कंपनीवर सारे न लावता हप्त्याहप्त्याने आणि मर्यादित प्रमाणात घ्यावा. अभ्यासाला वेळ नसेल तर म्युच्युअल फंडाचा मार्ग पत्करावा. निवृत्तीची पुंजी तर अशा चढउताराच्या कागदात कदापि गुंतवू नये, कारण चुकीची भरपाई करण्यासाठी तरुणाकडे वर्षे असतात, वृद्धाकडे नसतात. समभाग घेण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात : नक्षी कोणाची, ग्राहक किती, रोख येते का, कर्ज आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले समभाग किती, आणि भाव नफ्याच्या किती पट. या पाच ओळी लिहिता आल्या नाहीत, तर तो समभाग आपल्यासाठी नाही असे समजून स्वस्थ बसावे. न केलेल्या गुंतवणुकीत कोणाचे घर बुडालेले नाही.

इलेक्ट्रॉनिक उत्पादनाचा हा उद्योग देशात वाढणार, यात शंका बाळगण्याचे कारण नाही. त्यातील काही कंपन्या जुळणीपासून सुट्या भागांकडे आणि सुट्या भागांपासून आराखड्याकडे जातील, आणि धीराने योग्य भावाला त्यांत सहभागी झालेल्यांना त्याचे फळही मिळेल. काही कंपन्या दुसऱ्याच्या सुतावर माग चालवत राहतील आणि मजुरी घटली की थांबतील. आज बाहेरून दोघींच्या इमारती सारख्याच झगमगीत दिसतात. भेद कळतो तो उलगडून पाहिल्यावर. सोलापूरच्या माणसाने चादर घेताना जी सवय पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, तीच सवय शेअर घेताना बाजूला ठेवू नये. आधी पोत पाहावा, मग वजन पाहावे, आणि भाव शेवटी विचारावा. पण विचारल्याशिवाय मात्र राहू नये.